आत्याची मिटलेली फांदी

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता थोरली आत्या भिंतीवर बंद अवस्थेत आढळली.

प्रत्यक्ष आत्या त्या वेळी हॉलमध्येच होती. पहिली रांग, ठेवणीतले कपडे, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. बंद होतं ते तिचं नाव. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरने सगळं कुटुंब पसरलं होतं. सर्वांत वर पणजोबा, त्यांच्याखाली थोडी उजवीकडे सरकून त्यांची मुलं, त्यांच्याखाली आणखी उजवीकडे नातवंडं, अशी पायरीपायरीने उतरत आलेली नावं. प्रत्येक नावाआधी एक बारीक त्रिकोण. त्रिकोण आडवा असेल तर त्या माणसाची मुलंबाळं आत मिटलेली. त्यावर क्लिक केलं की त्रिकोण मान खाली घालतो आणि मुलंबाळं बाहेर येतात. धाकट्या आत्याच्या त्रिकोणाने मान खाली घातलेली होती आणि तिच्याखाली मुलगी, मुलीचा नवरा आणि गेल्याच महिन्यात जन्मलेली नात अशी सगळी मंडळी उजेडात आली होती. थोरल्या आत्याच्या नावाखाली काही नव्हतं. नुसता आडवा त्रिकोण.

"हे काय आहे?" थोरल्या आत्याने विचारलं. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. तिच्यासोबत आवाज मात्र निवृत्त झाला नव्हता.

"आपलं कुटुंब आहे, आत्या," लॅपटॉपमागून जावई म्हणाला.

"माझं कुठाय?"

"आहे ना. आत आहे. सध्या बंद आहे."

'सध्या' या शब्दाने बरंच नुकसान केलं.

जावई म्हणजे आत्यांच्या भावाचा जावई. आज त्या भावाचा, म्हणजे जावयाच्या सासऱ्यांचा, सत्तरावा वाढदिवस होता. सासऱ्यांनी आयुष्यभर नकाशे काढले होते आणि निवृत्तीनंतर त्यांना कुटुंबाचा नकाशा काढायचं वेड लागलं होतं. कोण कुणाचा, कोण कुणाच्या पोटचा, कोण कुठे गेला, हे त्यांनी वर्षानुवर्षं फोन करकरून आणि लोकांची जेवणं थंड करकरून जमवलं होतं. ते संगणकावर चढवायचं काम जावयाकडे आलं. जावई स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. त्यात इंजिन, इंजिनाखाली कार्बुरेटर, कार्बुरेटरखाली त्यातले बारके भाग अशी फांद्याफांद्यांची रचना तयारच होती. जावयाने इंजिनाच्या जागी पणजोबा बसवले आणि काम भागवलं. बटणांवरच्या पाट्या बदलायच्या राहिल्या होत्या. नवा माणूस घालायचा तर अजूनही 'नवीन वस्तू जोडा' दाबावं लागे.

सासऱ्यांना या वाढदिवसाला भेट नको होती, भाषणं नको होती. त्यांना एक फोटो हवा होता. त्यात ते मधोमध आणि दोन्ही बाजूंना दोन बहिणी. वाचायला सोपं वाटतं. फार वर्षांपूर्वी त्यांच्याच लग्नाच्या फोटोत थोरल्या आत्याच्या चेहऱ्यापुढे धाकट्या आत्याचा हात आला होता. हात मुद्दाम आला की सहज, याचा निकाल कधीच लागला नाही. त्या दिवसापासून दोघी एका फोटोत उभ्या राहिल्या नव्हत्या आणि एकमेकींशी थेट बोलतही नव्हत्या. बोलायचं झालंच तर भावामार्फत, तोही दोघींच्या मधे बसलेला असताना. "दोघी एकदा एका फोटोत आल्या की मी सुटलो," असं सासऱ्यांनी आदल्या रात्री जावयाला सांगितलं होतं, आणि त्या आवाजात असं काही होतं की जावयाच्या बायकोने स्वयंपाकघरातला नळ उगाचच जोरात सोडला होता.

फोटोग्राफर कॅमेऱ्याचा स्टँड मांडून दाराशी उभा होता. त्याला दुपारी दुसऱ्या कामावर जायचं होतं. आधी भिंतीवर कुटुंब पाहायचं, मग फोटो, मग जेवण, असा बेत होता.

"बाळ," थोरली आत्या सत्तर वर्षांच्या भावाला म्हणाली, "हिला विचार, रात्रीतून जावईबापूंना काय चारलं."

जावयाने घाईघाईने खुलासा केला. काल रात्री सासऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने धाकट्या आत्याची नात जोडली, त्यासाठी ती फांदी उघडली आणि मग लॅपटॉप तसाच मिटला. सॉफ्टवेअर जसं सोडावं तसंच पुन्हा उघडतं. यात कुणाचा काही हेतू नव्हता.

"म्हणजे काल रात्री तुम्ही तिच्या घरी होतात आणि तिथंच झोपलात," थोरल्या आत्याने सारांश काढला.

जावयाने पटकन तिच्या त्रिकोणावर क्लिक केलं. तिचे दोन मुलगे खाली उतरले. दोघांपुढे आडवे त्रिकोण.

"मुलगेही बंद," आत्या म्हणाली.

तिचा थोरला मुलगा तिसऱ्या रांगेत छातीवर हनुवटी टेकवून झोपला होता, तेव्हा भिंतीवरची माहिती अगदीच चुकीची नव्हती. पण आत्याने पर्सची चेन लावली. या घराण्यात पर्सची चेन लागली की रिक्षा बोलवायची असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"भाऊजी, एकेक काय उघडत बसलाय?" मागून मेव्हणा, म्हणजे सासऱ्यांचा मुलगा, म्हणाला. "सगळं एकदम उघडून टाका की. कुणाची तक्रार नको."

मेव्हण्याचा सल्ला नेहमी ऐकायला सोपा असायचा. जावयाने 'सर्व उघडा' दाबलं. पणजोबांचे सगळे मुलगे, त्यांच्या सगळ्या शाखा, कुणी कधी पाहिले नाहीत असे चुलते आणि त्यांचे नातू धबाधब बाहेर पडले. भिंत पुरेना. नावं ओळीमागून ओळ खाली सरकत गेली. सासऱ्यांचे वडील शेवटच्या फांदीवर होते, त्यांची तीन मुलं त्यांच्याही खाली. थोरली आत्या फरशीच्या वर वीतभर येऊन थांबली. धाकटी आत्या फरशीखाली गेली.

धाकट्या आत्याचं शिवणकामाचं दुकान होतं. ती कमी बोलायची आणि कात्रीसारखी बोलायची. तिने खाली वाकून भिंत आणि फरशी जिथे मिळतात ती जागा नीट पाहिली.

"दादा," ती भावाला म्हणाली, "हिला सांग, मला पुरून झालं असेल तर मी निघते."

आता दोन पर्सच्या दोन चेनी लागल्या. फोटोग्राफरने घड्याळ पाहिलं. बायको जावयाच्या कानाशी आली आणि दात न उघडता म्हणाली, "काहीतरी कर."

जावयाने 'सर्व मिटवा' दाबलं. भिंतीवर फक्त पणजोबा उरले.

"ही खरी समता," मेव्हणा म्हणाला. त्याला कुणी हसलं नाही.

कोंडीत सापडलेला माणूस जे येतं तेच करतो. गवई असता तर गायला असता. जावई सॉफ्टवेअर लिहायचा, म्हणून त्याने लिहायला घेतलं. "मला दोन मिनिटं द्या," तो म्हणाला. त्याच्या ऑफिसात हे वाक्य ऐकलं की लोक जेवायला निघून जात. इथे ते कुणाला माहीत नव्हतं. त्याने नियम असा घातला: नवीन नाव जोडलं की त्याच्या वरच्या सगळ्या फांद्या आपोआप उघडाव्यात, ते नाव भिंतीच्या मधोमध यावं आणि पिवळं उजळावं. म्हणजे थोरल्या आत्याकडचं कुणीतरी नवीन जोडलं की तिची अख्खी फांदी आपसूक उघडी, मधोमध आणि पिवळी. मग लगेच फोटो.

"आत्या, तुमच्याकडे कुणी नवीन आहे का? जोडायचं राहिलेलं?"

आत्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे तिची धाकटी सून बसली होती. तिला सहावा महिना होता. "येणारं बाळ घाला," आत्या म्हणाली.

"पण ते अजून आलेलं नाहीये."

"तिचं आलंय म्हणून भिंतीवर. माझं वाटेत आहे."

 जावयाने 'नवीन वस्तू जोडा' दाबलं. चौकट आली. वस्तूचे नाव: बाळ. कशाखाली जोडायचे: आत्याचा धाकटा मुलगा. स्थिती या रकान्यात 'उपलब्ध', 'संपले' आणि 'ऑर्डर दिली आहे' एवढेच पर्याय होते. त्याने तिसरा निवडला आणि 'जोडा' दाबलं.

भिंतीवर काहीच हललं नाही.

घोळ असा होता की घाईत त्याच्या नियमाचा क्रम उलटा पडला होता. सॉफ्टवेअर आधी फांदी उघडायला जायचं आणि मग तिच्यात बाळ ठेवायचं. रिकामी फांदी उघडणार कशी? तिच्यापाशीच नियम अडायचा, वरचंही काही उघडायचं नाही आणि बाळ गुपचूप आत जाऊन बसायचं. जावयाला वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नाही. त्याने पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा. मग माऊस टेबलावर आपटून, पुसून, आणखी एकदा. शेवटी वैतागून त्याने हातानेच एकेक त्रिकोण उघडत नेला.

आतून चार बाळं निघाली. चारही 'ऑर्डर दिली आहे'.

 तिसऱ्या रांगेतल्या सुनेने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि नवऱ्याला हळूच विचारलं, डॉक्टरांचा तुला फोन आला होता का. नवरा नाही म्हणाला, पण त्याने फोन काढून पाहिलाच. थोरला मुलगा जागा झाला, त्याने भिंत वाचली आणि भावाच्या पाठीवर थाप मारून पुन्हा डोळे मिटले.

आणि तेवढ्यात धाकटी आत्या खुर्चीत पूर्ण वळली. भावाकडे नव्हे. बहिणीकडे.

"चार? ताई, चार?"

"मला तरी कुठं सांगितलंय कुणी," थोरली आत्या म्हणाली. तीही वळली होती. "अगं, ही पोरगी जिना चढताना दमायची, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं."

"झबली कोण शिवणार? एवढ्याला मी एकटी पुरणार नाही."

"मी काजं करीन की. हात चालतात अजून."

सासऱ्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. फोटोग्राफरने कॅमेऱ्याला डोळा लावला.  एवढ्यात जावयाने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं आणि अत्यंत आनंदाने जाहीर केलं, "सॉरी, सॉरी, एकच आहे. एकच बाळ आहे. माझी चूक."

त्याने टपाटप तीन बाळं काढून टाकली. दोघी आत्यांना आपण काय करून बसलो ते कळलं. दोघींनी माना वळवल्या, एकीने खिडकीकडे, एकीने दाराकडे. सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. ते सभ्य गृहस्थ होते, म्हणून फक्त पाहिलं.

"तुला कोण विचारत होतं?" बायको म्हणाली.

"अगं, चुकीची माहिती भिंतीवर..."

"राहू दे."

जावयाला आता एकच सुचत होतं, ते म्हणजे क्रम सरळ करणं. त्याने तो केला. बाळ आधी, उघडणं मग. सगळं पुन्हा मिटवून उरलेलं एक बाळ काढून पुन्हा जोडलं, आणि काय सांगावं. पणजोबांपासून फांद्या आपोआप उलगडत खाली धावल्या, थोरली आत्या सरसर वर येऊन भिंतीच्या ऐन मधे थांबली, तिच्याखाली मुलगे, त्यांच्याखाली बाळ, आणि बाळाच्या नावामागे पिवळाधमक उजेड. हॉलने टाळ्या वाजवल्या. थोरल्या आत्याची चेन अर्धी उघडली.

इथेच थांबलं असतं तर भागलं असतं. पण मेव्हण्याने ते पिवळं पाहिलं होतं.

"भाऊजी, मला कधी पिवळं करणार?"

"तुम्ही जुने आहात. फक्त नवीन माणूस पिवळा होतो."

"मग मला काढा आणि परत घाला."

जावयाने मेव्हण्याला काढून परत घातलं. मेव्हणा भिंतीच्या मधोमध झळकला आणि स्वतःच्या नावाशेजारी उभा राहून त्याने फोनवर फोटो काढून घेतला. मग काय, लॅपटॉपपुढे रांगच लागली. कुटुंबातला प्रत्येक माणूस नवा होण्यासाठी उभा राहिला. एका चुलत्याने आपल्याला दोनदा नवं करायला लावलं, कारण पहिल्या वेळी त्याची बायको बाहेर होती. दरवेळी कुणाला काढायचं म्हटलं की चौकट यायची: 'ही वस्तू व तिला जोडलेले सर्व सुटे भाग भंगारात टाकायचे का?' जावई 'होय' दाबायचा, माणूस पोराबाळांसकट नाहीसा व्हायचा, आणि मग सगळ्यांना पुन्हा एकेक करून भरावं लागायचं. जावयाची बोटं दुखायला लागली. फोटोग्राफर स्टँड उचलून एकदा दाराबाहेर गेला आणि बायकोने त्याला गोड बोलून परत आणलं.

"दादा, मलाही," धाकटी आत्या म्हणाली.

तिला भंगारात टाकून परत घातलं. ती मधोमध आली, पिवळी झाली, समाधानाने मागे टेकून बसली. हे थोरल्या आत्याने सहन करण्याचा प्रश्नच नव्हता. आता धाकटी पिवळी आणि आपण नुसतीच उघडी. "बाळ, जावईबापूंना सांग, मलाही नवं करा. नातवाच्या जिवावर पिवळं नको. मी स्वतः."

जावयाने थोरल्या आत्याला काढलं आणि घातलं. फांदी उघडली, आत्या मधोमध आली, पिवळी झाली. फक्त, नवीन वस्तू भावंडांत नेहमी शेवटी बसते, हे जावयाच्या ध्यानात यायचं राहिलं होतं. थोरल्या आत्याचं नाव धाकट्या आत्याच्या खाली उमटलं.

धाकट्या आत्याने ते सावकाश वाचलं. "दादा," ती म्हणाली, "हिला सांग, आजपासून मला ताई म्हणायचं."

हॉलच्या एका बाजूने हसू फुटलं आणि दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत विझलं. थोरली आत्या उभी राहिली होती.

 जावई म्हणाला, एक मिनिट. धाकट्या आत्याला काढून पुन्हा घातलं की ती शेवटी जाईल आणि क्रम बरोबर होईल. त्याने तसं केलं. भिंतीवर तिघांत वर सासरे, मग थोरली आत्या, मग धाकटी. आता सासरे सर्वांत थोरले झाले होते.

"मला चालेल," सासरे म्हणाले.

"मला चालणार नाही," थोरली आत्या म्हणाली. "याची नाकं पुसलीत मी. हा माझ्या वर?"

म्हणजे सासऱ्यांनाही काढून घालायला हवं. मग ते शेवटी जाणार, धाकट्या आत्याच्या खाली. मग तिला पुन्हा काढून घालायला हवं. आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून पुन्हा आगीत. जावयाने कपाळावरचा घाम पुसला आणि त्याला युक्ती सुचली. तिघांना एकेक काढण्यापेक्षा तिघांच्या वडिलांनाच काढायचं आणि सगळ्यांना मुळापासून, हव्या त्या क्रमाने घालायचं. एक घाव, दोन तुकडे. त्याने माऊस वडिलांच्या नावावर नेला.

याच वेळी मेव्हण्याने लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूने हात घालून आपल्या नावासमोर काहीतरी नवीन जोडून टाकलं. ते काय होतं हे नंतर कळलं: त्याने स्वतःच्या खाली आपली मोटरसायकल जोडली होती. नवीन वस्तू म्हटल्यावर जावयाचा नियम जागा झाला. भिंतीवरचं कुटुंब मोटरसायकलला मधोमध आणण्यासाठी सरसर हललं, माऊस होता तिथेच राहिला आणि त्याच्याखालून वडील निघून जाऊन तिथे पणजोबा आले. जावयाने दाबलं. 'ही वस्तू व तिला जोडलेले सर्व सुटे भाग भंगारात टाकायचे का?' सकाळपासून इतकी माणसं भंगारात टाकून हाताला सवय झाली होती. त्याने न वाचता 'होय' म्हटलं.

भिंत पांढरी झाली. मग तिच्यावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ उमटली.

'साठा संपला आहे. पुरवठादाराशी संपर्क साधा.'

कुणाकडेही पुरवठादाराचा नंबर नव्हता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"गेले."

"कोण?"

"सगळे."

सासरे उठले. भिंतीजवळ गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. एकेका नावासाठी किती लांब फोन, किती विनवण्या, किती माणसं "तुम्ही नक्की कोण बोलताय" असं विचारून थकलेली. मेव्हणा मागच्या मागे खुर्च्या नीट लावू लागला. जावयाला वाटलं, जमीन दुभंगावी. पण फरशी मजबूत होती.

"बसा, जावईबापू," सासरे म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही घाला. पणजोबांपासून."

ते खुर्ची ओढून लॅपटॉपशी बसले. पणजोबा घातले. भिंतीवर पणजोबा एकटेच पिवळे झाले. मग त्यांची मुलं. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याशी सासरे अडले.

"सहा होते," मागून थोरली आत्या म्हणाली.

"सात," धाकटी आत्या म्हणाली. "जे घर सोडून गेले, ते धर की."

"ते परत आले होते. त्यांना धरूनच सहा."

"परत आले ते वेगळेच होते, ताई. आई म्हणायची ना."

"वेगळे म्हणजे?"

"म्हणजे गेले ते कानाने अधू होते. आले त्यांना पलीकडच्या खोलीतलं ऐकू यायचं."

थोरली आत्या तिच्याकडे बघत राहिली. "मला आईनं हे कधीच नाही सांगितलं."

"तू शाळेत असायचीस. मी घरी मशीनवर. मशीन चालू असली की आई बोलायची."

थोरल्या आत्याने पर्स खुर्चीवर ठेवली. ती बंद होती की उघडी, हे पाहायचं कुणाला सुचलं नाही. तिने लॅपटॉपच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढली. धाकटीने उजव्या. सासरे मधे होते, ते हळूच उठले आणि खुर्चीसकट मागे सरकले. दोघींच्या मधे आता फक्त जावई आणि त्याचा माऊस होता, आणि थोड्याच वेळात थोरल्या आत्याने तोही बाजूला केला. "उठा तुम्ही. बटण कुठलं ते कळलंय आम्हाला."

दोघींनी मिळून सहा मुलगे घातले. गेलेले आणि आलेले असे दोन वेगळे घातले, म्हणून सात झाले. दरवेळी नवीन नाव जोडलं की फांदी आपोआप उघडायची, नाव मधोमध यायचं, पिवळं व्हायचं. सॉफ्टवेअर बिनचूक चाललं होतं. त्याच्याकडे बघायला मात्र कुणाला वेळ नव्हता. दोघींचं भांडण जोरात होतं. कुठल्या काकूचे केस कुरळे होते, कुणाला कुणाचं सोनं नव्हे तर फक्त शिट्टी वाजवायची कला मिळाली, कोण खरंच वारलं आणि कोण नुसतंच कळवायचं राहिलं. "तुला काही आठवत नाही" आणि "तू होतीस कुठं" अशी वाक्यं एकमेकींच्या तोंडावर, थेट, मधे भाऊ न घेता फेकली जात होती.

जावई कोपऱ्यात उभा राहून फोनवरून ऑफिसातल्या मित्राला हळू आवाजात झालेला प्रकार सांगत होता. मित्र हसला आणि म्हणाला, अरे, दुकानदार कायम चुकून माल उडवतात, म्हणून भंगारातलं काहीच लगेच जात नाही. खाली डाव्या कोपऱ्यात बघ, छोटं बटण असेल.

जावई लगबगीने लॅपटॉपजवळ गेला, दोघींच्या खांद्यांमधून वाकून पाहिलं. होतं. 'भंगारातील सर्व वस्तू परत आणा.' एका क्लिकवर पणजोबांपासून मोटरसायकलपर्यंत सगळे जिथल्या तिथे आले असते. त्याच्या अंगावरून मोरपीस फिरलं. त्याने हात पुढे केला.

हातावर दुसरा हात पडला. सासऱ्यांचा.

"सगळं परत येतंय," जावई कुजबुजला. "एका मिनिटात."

"कळलं मला," सासरेही कुजबुजले. "आत्ता नको."

"पण तुमची एवढ्या वर्षांची मेहनत..."

 सासरे बहिणींच्या पाठींकडे बघत होते. जावयाने हात मागे घेतला. सकाळी चार बाळांच्या वेळी जे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, ते या वेळी आलं.

दाराशी फोटोग्राफर स्टँडची एक तंगडी मिटून, दुसरी उघडी ठेवून उभा होता. दुसऱ्या कामावरून त्याला फोनवर फोन येत होते. तो दोन पावलं आत आला आणि घसा खाकरून म्हणाला की आता निघावंच लागेल. दोन्ही आत्यांनी फक्त एकदा मागे वळावं, दादांनी मधे उभं राहावं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सासऱ्यांनी केसांवरून हात फिरवला आणि आशेने बहिणींकडे पाहिलं.

"थांब रे जरा," थोरली आत्या भिंतीवरची नजर न काढता म्हणाली. "अजून आमचा जन्म व्हायचाय."

"आणि आधी कोण, ते ठरू दे," धाकटी म्हणाली.

फोटोग्राफरने घड्याळाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. सासऱ्यांनी त्याच्यासाठी एक खुर्ची ओढली. तो तिच्या कडेवर टेकला, पण स्टँड हातातच ठेवला. भिंतीवर तेव्हा पणजोबांच्या सहाव्या मुलाचं लग्न व्हायचं होतं.